पिंजऱ्यातला सैल अणू

१

हिंगोली जिल्ह्याला जन्माला येऊन तेवीस दिवस झाले होते. जवळा बाजारच्या अलीकडे, मेंढपाळांच्या वस्तीवर, दुपारी चारच्या सुमाराला राधिकेनं कोनाड्यातली स्टीलची डबी उघडली. आत कापूस होता. कापसात खड्याचा आकार होता. खडा नव्हता.

तिनं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. ती भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होती. एकदा घेतलेल्या मोजमापावर तिचा विश्वास नसे. दुसऱ्यांदाही खडा नव्हता.

खडा म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा, राखाडी, चकचकीत आणि आकाराच्या मानानं नको तेवढा जड. बाजारात मांडला असता तर गिऱ्हाइकानं पायानं बाजूला सारला असता. तो तयार करायला राधिकेला आठ महिने लागले होते. विद्यापीठातली भट्टी तिनं एखाद्या बाळंतिणीसारखी सांभाळली होती. सोमवारी दुपारी बारा वाजता तो खडा मुंबईच्या अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या धारेसमोर ठेवायचा होता. त्यासाठी मिळाले होते सहा दिवस, आणि त्या सहा दिवसांची वाट बघण्यात दोन वर्षं गेली होती. बारा वाजता खडा हजर नसेल तर ते दिवस यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. पुन्हा नंबर चौदा महिन्यांनी. आणि चौदा महिने थांबायला राधिकेकडे ना शिष्यवृत्ती होती, ना आईची परवानगी. आईनं बुधवारी सेनगावचा एक मुलगा बघायला बोलावून ठेवला होता.

आज रविवार. परभणीहून मुंबईची गाडी रात्री साडेनऊला. वडील मल्हारी जीप ठरवायला गावात गेले होते. जीप सातला येणार. म्हणजे हातात तीन तास.

राधिका अंगणात आली. लिंबाखाली दुपारभर बसलेला कळप आजोबांनी नुकताच चरायला काढला होता. दोनशे चाळीस मेंढ्या आवाज न करता बांधावरून उतरत होत्या. पुढं तहसीलदार. तहसीलदार हा कळपाचा म्होरक्या एडका. कोणी जवळ गेलं की आधी मान खाली घालायचा आणि मग धडक मारायचा, म्हणून हे नाव. त्याच्या गळ्यात वाटीएवढी पितळी घंटा होती. आजोबांनी वळून राधिकेकडे पाहिलं, काठी उचलून दोनदा एडक्याकडे दाखवली आणि चालू लागले. आजोबांना एडक्याचं कौतुक फार, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

आजोबा काही बोलले नाहीत, यातही नवल नव्हतं. एक मे रोजी परभणीचे दोन तुकडे होऊन हिंगोली जिल्हा झाला, हे रेडिओवर ऐकल्यावर उकंडराव शेवटचं बोलले होते. "म्या परभणी जिल्ह्यात जन्मलो. निजाम गेला तवा बी परभणीच व्हती. मला कोणी इचारलं का?" त्यानंतर हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाशी न बोलण्याचा त्यांनी नेम धरला. मेंढ्यांशी मात्र बोलत. मेंढ्यांना जिल्हा नसतो असं त्यांचं मत असावं. विचारायची सोय नव्हती.

"आई!" राधिका ओरडली. "माझा खडा गेला!"

घरातून आई आली, शेजारच्या दारातून पद्माबाई आली, लिंबाखालच्या बाजेवरून शिवप्रसाद उठून बसला. आणि फाटकाशी सायकल टेकवून, बर्फाचा डबा काखेत मारलेला एक किडकिडीत माणूस म्हणाला, "मेंढ्यांना टोचायला आलो व्हतो. मेंढ्या तर गेल्या. अन् खडा बी गेला म्हणता? मंग आता कोणी जागचं हलू नका."

२

हा वैजनाथ. गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक. लोक त्याला डॉक्टर म्हणत आणि तो दर वेळी "मी डॉक्टर न्हाई" असं सांगून मग औषध देई. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते वेगळ्याच कारणानं. चोरीला गेलेल्या एकेचाळीस शेळ्या, सहा बैल आणि एक नवरदेव त्यानं आजवर शोधून दिले होते. नवरदेव सापडल्यावर परत पळाला, तो वैजनाथ हिशेबात धरत नसे.

"काय गेलं ते आधी सांगा, ताई."

"डॉक्टर, तीन तास राहिलेत—"

"म्हणूनच. शेळी दुभती व्हती का भाकड, त्याच्यावर चोर ठरतो. तुमचा खडा काय कामाचा?"

राधिकेनं श्वास घेतला. दुपारी जेवताना सगळ्यांना हेच सांगितलं होतं. "एका बाजूनं तापवला की वीज देतो. पण त्याच्यासाठी ऊब त्याच्यातून पळाली न्हाई पाहिजे. ऊब मंजी अणूंची धक्काबुक्की. कळपात मागच्या मेंढीला काठी लावली की धक्का पुढपर्यंत जातो ना? तसं. माझ्या खड्यात अणूंचे पिंजरे हायेत. प्रत्येक पिंजऱ्यात एक जड अणू सैल बसवलाय. तो जागच्या जागी हलत राहतो अन् येणारा धक्का वाटेत अडवतो. ऊब तिथंच राहते, वीज जाते."

"तो हलतो हे बघितलं कोणी?"

"तेच तर बघायला चालले. न्यूट्रॉन सोडायचे. ते आत जाऊन धडकून बाहेर येतात. कोणत्या दिशेनं आले, किती जोर घालवून आले किंवा घेऊन आले, त्याच्यावरून आत कोण कसं हलून राहिलं ते कळतं."

वैजनाथनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मंजी आत शिरायचं न्हाई. बाहेरून खडा मारायचा अन् तो कसा उलटून येतो ते बघायचं."

"व्हय. बराबर."

"मी बी तेच करतो," वैजनाथ म्हणाला. "पगार कमी हाय, बाकी तेच."

त्यानं डबी मागितली. वरचा कापूस खड्याबरोबर गेला होता. तळाचा तेवढा शिल्लक होता. त्यावर एक तांबूस-तपकिरी ओरखडा होता.

"चहाचा डाग असेल," राधिका म्हणाली.

वैजनाथनं कापूस नाकाशी नेला. बराच वेळ धरला. "तुमचा खडा गंजतो?"

"न्हाई. त्याच्यात लोखंड न्हाईच. कोबाल्ट अन् अँटिमनी. अँटिमनी मंजी..." ती थांबली. "मंजी सुरम्यात असतं ते. मीच सांगितलं जेवताना. सोपं करून सांगावं म्हणून. सुरम्याच्या जातीतलं हाय म्हणाले."

"कोण कोण व्हतं जेवायला?"

"आई, आजोबा, शिवप्रसाद. अन् पद्माकाकू."

"पद्माकाकूची बकरी," वैजनाथ सावकाश म्हणाला, "मागल्या हप्त्यात दवाखान्यात आणली व्हती. डोळ्यात फूल पडलंय."

शेजारच्या घरातून खलबत्त्याचा आवाज येत होता. ठक्. ठक्. ठक्.

३

राधिका कुंपणाच्या काट्यांतून गेली, वैजनाथ दारातून. दोघं एकाच वेळी पोचले. पद्माबाईनं घाईघाईनं खलबत्त्यावर सूप पालथं घातलं.

"काकू, सूप काढा."

"काहून? माझा खलबत्ता हाय."

वैजनाथनं सूप उचललं. आत काळीभोर, बारीक पूड होती. राधिका खलबत्त्यावर वाकली. आठ महिने. बकरीच्या डोळ्यात घातलेला नमुना मुंबईला कसा न्यायचा, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. बकरीसकट, असं उत्तरही आलं.

वैजनाथनं चिमूट घेऊन हुंगली आणि तीनदा शिंकला. "मिश्री."

पद्माबाई मटकन बसली. "कोणाला सांगू नका रे बाबा. शिवरात्रीला औंढ्याला नागनाथापुढं शपथ घेतलीया, मिश्री सोडली म्हणून. लई तकलीफ व्हती, डॉक्टर. हिरड्या ठणकतात."

"खडा घेतला का तुमी?"

"मागितला व्हता चिमूटभर. ही म्हणली, जहर हाय, बकरी आंधळी व्हईल. मंग कशाला घेऊ?" मग तिला राग आला. "अन् पोरी, मी चोर व्हय? तुझं नाक म्या पुसलंय!"

"काकू, एक सवाल," वैजनाथ मध्येच म्हणाला. "वस्तीच्या विहिरीत पाणी हाय का?"

"हिरीत? होळीपासून ठणठणीत हाय. शेळ्या पडू नयेत म्हणून काटे टाकलेत वरून. काहून?"

"काही न्हाई. सहज."

राधिकेच्या आईला, सत्यभामाबाईला, वैजनाथनं चुलीपाशी गाठलं. ती भाकरी थापत होती. राधिकेच्या प्रवासासाठी सकाळीच अकरा झाल्या होत्या, ही विसावी.

"वहिनी, पोरीनं मुंबईला जाऊ नये असं तुमाला वाटतं म्हणं."

"वाटतं. त्यात लपवायचं काय? सत्तावीस वर्षांची झाली. बुधवारी पाव्हणे येऊन राहिलेत." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "पण अडवायची असली तर मी तिला अडवीन, डॉक्टर. उंबऱ्यात आडवी पडून अडवीन. तिच्या खड्याला हात लावणार न्हाई. आठ महिने खपलंय लेकरू त्याच्यापायी."

राधिका दाराआड उभी होती.

"दुपारी कोनाड्यापाशी कोण गेलं?"

"मामंजी घरात आले व्हते, पाणी प्यायला. मंग माझा डोळा लागला. सगळेच झोपले व्हते. तहसीलदार सुद्धा."

"अन् विहिरीत पाणी हाय का?"

"आता हे कुठून आलं? कोरडी हाय की. हापशावरून आणतो आमी."

उरला शिवप्रसाद. तो हिंगोली शहरातला, राधिकेच्याच प्रयोगशाळेतला. मुंबईपर्यंत सोबत म्हणून सकाळीच आला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि कुठंही बसण्याआधी रुमाल पसरायची सवय. बाजेवर रुमाल पसरूनच तो झोपला होता.

"मी जेवलो आणि झोपलो," तो म्हणाला. "राधिका ओरडली तेव्हाच उठलो. या उकाड्यात दुसरं काय करणार?"

"यादीत राधिकाताईच्या मागं कोणाचं नाव हाय?"

शिवप्रसादनं चष्मा पुसला. "माझं. लपवत नाही मी. पण म्हणून मी चोर होत नाही. माझी बॅग बघा, खिसे बघा."

वैजनाथनं खरंच बॅग बघितली. मग राधिकेची पेटीही बघितली. साड्यांच्या घडीत एक तळहातावर मावेल एवढा गुळगुळीत दगडी खलबत्ता निघाला. "ताई, हा कशाला? मुंबईत चटणी मिळत न्हाई?"

"अकीक दगडाचा हाय, तो कामाचा," राधिका वैतागून म्हणाली. "डॉक्टर, साडेपाच वाजले!"

"शिवप्रसादजी, शेवटचा सवाल. वस्तीच्या विहिरीत पाणी हाय का?"

"आहे थोडं," शिवप्रसाद म्हणाला. "पण फार खोल गेलंय."

वैजनाथनं टोपी घातली. "चला," तो म्हणाला. "सगळेच चला."

४

विहीर घरापासून शंभर पावलांवर होती. कठड्यावर बाभळीच्या काट्यांचा ढीग होता आणि एका बाजूला, हात जाईल एवढी फट. काट्याला इस्त्रीच्या शर्टाचा एक धागा लटकत होता.

"वस्तीवर बावीस माणसं राहतात," वैजनाथ म्हणाला. "घाईत काही टाकायचं तर विहिरीवाणी जागा न्हाई, म्हणून मी सगळ्यांना तोच सवाल केला. सगळ्यांना म्हाईत हाय की विहीर कोरडी हाय. काट्यांमुळं आत दिसत न्हाई. हिंगोलीहून सकाळी आलेल्या अन् दुपारभर झोपलेल्या पाव्हण्याला कसं कळलं की खाली पाणी हाय, अन् फार खोल हाय? एकच मार्ग. त्यानं काहीतरी टाकलं, वाट बघितली, अन् डुबुक ऐकलं."

शिवप्रसादनं उजव्या हाताची बाही डाव्या हातानं झाकली. मग तो कठड्यावर बसला. रुमाल न पसरता बसला.

"माझी फेलोशिप जूनमध्ये संपते," तो खाली बघत म्हणाला. "घरी दोन बहिणी आहेत. मी घेऊन जाणार नव्हतो. फक्त... सोमवारी तो तिथं नसावा, एवढंच. दोन वाजता उचलला आणि लगेच इथं टाकला. हातात धरवेना."

राधिकेनं त्याच्याकडे पाहिलं. "शिव्या," ती अगदी हळू म्हणाली, "मागितले असतेस तर सहातले दोन दिवस दिले असते मी तुला."

आता तो रडायला लागला. त्याचं रडणं ऐकायला कोणाला वेळ नव्हता. पावणेसहा झाले होते. खड्याचं पाण्यात काही बिघडणार नव्हतं. पण चाळीस हात खोल गाळात बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू शोधायला माणूस उतरवायचा, तर दोर, गळ, कंदील, आणि उद्याची दुपार.

"चुंबक हाय माझ्यापाशी," वैजनाथ म्हणाला. त्यानं पिशवीतून अंगठ्याएवढा काळा दांडा काढला. "म्हशीनं खिळा गिळला की पोटात सोडतो. दोर द्या."

"डॉक्टर, चिकटणार न्हाई. सांगितलं ना, त्याच्यात लोखंड न्हाई!"

"द्या तर खरं."

"उगं वेळ—"

"ताई, मीबी खडाच टाकून बघून राहिलोय. कसा उलटून येतो ते बघू."

दोर खाली गेला. एकदा रिकामा आला. दुसऱ्यांदा एक नाल घेऊन आला. वैजनाथनं नाल खिशात टाकली. तिसऱ्यांदा दोर जड लागला. तो हात हात वर आला, काट्यांतून सुटला, आणि चुंबकाच्या टोकाला ओल्या कापसात गुंडाळलेला एक गोळा लटकत होता.

"हाच!" शिवप्रसाद ओरडला. "हाच तो! हाच कापूस!"

राधिकेनं गोळा हातात घेतला. ती आनंदली नाही.

"हा चिकटला," ती म्हणाली. "माझा खडा चिकटूच शकत न्हाई."

५

कापूस उलगडला. आत लोखंडाचा एक बुटका, गंजका लोळा होता; वर दोर ओवायला कडी.

"मी... मी लोखंड चोरलं?" शिवप्रसाद म्हणाला. आयुष्यात इतका अपमान त्याचा कधी झाला नसावा.

"घाईत, अंधाऱ्या घरात, कापसासकट उचललं," वैजनाथ म्हणाला. "उघडून बघायची हिंमत झाली न्हाई. चोऱ्या एक न्हाई, दोन झाल्या. तुमच्या आधी कोणीतरी खडा काढला, अन् डबी हलकी लागू नये म्हणून त्याच वजनाचं हे आत ठेवलं. म्हणून डबीत गंजाचा डाग पडला. अन् कापसाला एडक्याचा वास येत व्हता."

"आमच्या घरात सगळ्यालाच येतो," सत्यभामाबाई म्हणाली.

"मेंढीचा येतो, वहिनी. एडक्याचा वेगळा. त्यात चूक झाली तर मला नोकरी सोडावी लागल." त्यानं लोळा राधिकेसमोर धरला. "ताई, कळप गेला तवा तुमी अंगणात व्हता. काय ऐकलं?"

"काहीच न्हाई," राधिका म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. दोनशे चाळीस मेंढ्या आवाज न करता बांधावरून उतरल्या होत्या. पुढं तहसीलदार होता. त्याच्या गळ्यात घंटा होती. "घंटा वाजली न्हाई!"

"कारण आतला लोळा डबीत व्हता. मंग घंटेत काय व्हतं?"

राधिका पळत सुटली. तिच्या मागं वैजनाथ, त्याच्या मागं आई पिठाच्या हातांनी, तिच्या मागं पद्माबाई, आणि सगळ्यांच्या मागं शिवप्रसाद, कारण तिथं एकटं थांबायची त्याला लाज वाटत होती.

उकंडराव कळप घेऊन कापसाच्या मोकळ्या रानात होते. राधिका त्यांच्यापुढं जाऊन धापा टाकत उभी राहिली. "आजोबा, खडा तुमी घेतला?"

उकंडराव आकाशाकडे बघू लागले.

"आजोबा, जीप येऊन राहिली! बोला की!"

उकंडराव एका मेंढीला म्हणाले, "ऊन लई हाय आज."

वैजनाथ पुढं झाला. "राम राम, काका. मी वैजनाथ. माझं गाव जिंतूर तालुक्यात. जिंतूर तालुका परभणीतच राहिलाय."

म्हाताऱ्याची मान गर्रकन फिरली. तेवीस दिवसांत पहिल्यांदा माणसाकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "व्हय का? बस, बस लेका. त्या चष्मेवाल्यानं जेवण झाल्यावर दोनदा डबी उघडली. हातावर तोलली, ठेवली. पुन्हा तोलली. माझ्या बापानं शिकवलंय, वस्तू आवडली तर माणूस बघतो. न्यायची असली तर तोलतो. आमी मेंढरं घेऊन लांब निघालो की चांदी कुठं ठेवायचो? म्होरक्याच्या घंटेत, लोकर कोंबून. एडक्याच्या गळ्याला परका हात लावील का? लावला तर दात पडतील. तेच केलं. पोरीला काठीनं दाखवलं बी. तिला वाटलं, म्हातारा एडका दाखवून राहिला."

"पण सांगायचं तर व्हतं!" राधिकेला रडू फुटलं.

उकंडरावांनी वैजनाथला सांगितलं, "तिला म्हणावं, ती हिंगोली जिल्ह्यात हुबी हाय."

वैजनाथनं निरोप पोचवला. राधिका एडक्याकडे वळली. आणि त्याच क्षणी तहसीलदाराला, गर्दीच्या टोकाला, इस्त्रीचा शर्ट दिसला.

त्यानं मान खाली घातली.

"आजोबा, धरा त्याला!" राधिका किंचाळली. "खडा ठिसूळ हाय! काचेवाणी फुटतो!"

म्हातारा पळाला, पण तहसीलदार पुढं गेला होता. शिवप्रसाद वळला, बांधाकडे धावला, बांधावर चढला. धडक त्याच्या मांडीला बसली आणि दोघंही बांधाच्या दगडांवर कोसळले. पितळी घंटा दगडावर आपटली.

कड्.

आवाज लहान होता. सगळ्या रानाला ऐकू गेला.

६

उकंडरावांनी एडक्याची शिंगं धरली. राधिकेनं घंटेतली लोकर बोटांनी हळूहळू बाहेर काढली, ओच्यात धरली आणि उलगडली. तीन मोठे तुकडे होते. बाकी चुरा.

सत्यभामाबाईनं तोंडाला पदर लावला. पद्माबाई म्हणाली, "मी मिश्री खरंच सोडते रे नागनाथा," आणि हे तिनं उत्स्फूर्तपणे म्हटलं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. वैजनाथनं टोपी काढली.

राधिका तुकड्यांकडे बघत होती. तिचे खांदे हलू लागले. आईला वाटलं पोरगी रडतीय. ती जवळ गेली. राधिका हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"डॉक्टर, माझ्या पेटीतला खलबत्ता आठवतो?"

"अकीकाचा."

"मुंबईत पोचल्यावर याला त्याच्यात कुटायचं व्हतं. उद्याचं पहिलं काम तेच. आमच्या यंत्रापुढं भुकटीच ठेवतात."

"बारीक," बांधाखालून शिवप्रसादचा आवाज आला. तो मांडी धरून बसला होता, पण विषय त्याच्या अभ्यासाचा होता. "मैद्यासारखी."

"मंग किंचाळलीस काहून?" सत्यभामाबाई म्हणाली.

"रानात सांडला असता तर गोळा कुठून केला असता? लोकरीतून एक कण बाहेर गेला न्हाई, आई." राधिकेनं लोकर तशीच आवळून गाठ मारली. आठ महिने तिच्या मुठीत होते, जरा चुरगळलेले, पण सगळेच्या सगळे.

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. "भाकऱ्या एकवीस बांधल्यात," ती म्हणाली. "सहा दिवस पुरवून खा. बुधवारच्या पाव्हण्यांना मी कळवते, पोरगी कामाला गेलीया म्हणून."

शिवप्रसादचं काय करायचं, हे वैजनाथनं ठरवलं. त्यानं सरांना स्वतःच्या हातानं पत्र लिहायचं, सगळं. आणि उद्या सकाळी दोनशे चाळीस मेंढ्या टोचताना एक एक धरून द्यायची. तहसीलदारासकट. शिवप्रसादनं पत्राला लगेच होकार दिला. तहसीलदारासाठी थोडी मुदत मागितली. विहिरीला पाणी आहे ही बातमी मात्र त्याच्याच नावानं वस्तीभर गेली, आणि तास होण्याच्या आत दोन बायका त्याला चहा देऊन गेल्या.

जीप सातला आली. मल्हारीनं पेटी मागं टाकली. राधिका बसली, मांडीवर डबी. आणि काही कळायच्या आत उकंडराव तिच्या शेजारी चढून बसले, काठी दोन पायांत धरून.

"तुमी कुठं?" मल्हारीनं विचारलं. उत्तर अर्थातच मिळालं नाही.

जीप निघाली तेव्हा कळप परत येत होता. वैजनाथनं लोळा जागेवर बांधून दिला होता. घंटा वाजत होती, बराच लांबपर्यंत.

पंधरा-वीस मिनिटांनी रस्त्याच्या कडेला एक नवी कोरी पाटी दिसली. परभणी जिल्हा आपले स्वागत करत होता. पाटी मागं पडली, आणि उकंडरावांनी घसा साफ केला.

"काहून गं राधिके," ते म्हणाले, जणू जेवणावरून आत्ताच उठले होते, "तो पिंजऱ्यातला अणू सैल कशाला ठेवायचा? घट्ट बसवला तर काय व्हतं? दुपारपासून डोक्यात घोळून राहिलंय."

राधिका त्यांच्याकडे बघत राहिली. "आजोबा, घट्ट बसवला तर तो बाकीच्यांसारखाच धक्का पुढं देतो. सैल असला की वेगळाच हलतो, अन् धक्का मधीच जिरतो. घंटेत लोकर कोंबली तवा आवाज बाहेर आला का?"

"न्हाई."

"तसंच. आवाज काय अन् ऊब काय, दोन्ही आतली थरथरच. ती बाहेर येऊ द्यायची न्हाई."

उकंडरावांनी विचार केला. जीपनं एक गाव मागं टाकलं.

"मंजी म्या तुझ्या खड्याचं केलं, तेच तू अणूचं करून राहिलीस."

"व्हय."

"मंग त्याला मुंबईला कशाला जायचं?" म्हातारा म्हणाला. पण डबी त्यानं तिच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली, आणि तेवीस दिवसांचं साठलेलं बोलणं परभणी स्टेशनापर्यंत काही संपलं नाही.